खिडकीजवळच्या हुकावर राहिलेली पिशवी

"आई, तुझी निळी पिशवी कुठे आहे?" मी तीनदा विचारलं. आईला ऐकू आलं नाही, कारण तिची कानाची दोन्ही यंत्रं त्याच पिशवीत होती.

आम्ही दादरहून बडोद्याला परतलो होतो. गाडीचा खडखडाट यंत्रातून फार मोठा ऐकू येतो, म्हणून प्रवासात आई ती काढून डबीत ठेवते. डबी पिशवीत, पिशवी खिडकीजवळच्या हुकावर. स्टेशन आलं तेव्हा मी बर्थखालचं सामान मोजलं. चार नग, बरोबर. हुकावरचा पाचवा मोजण्यात कधी आलाच नव्हता. आईचा गुडघा दुखत होता, तिला सांभाळून उतरवण्यात सगळं लक्ष गेलं. दांडिया बाजारात घरी पोचून चहा टाकला, तेव्हा ध्यानात आलं. गाडी एव्हाना आणंदच्या पुढे गेली असणार.

१३९ वर फोन केला. पूर्वी रेल्वेच्या सुरक्षेसाठी १८२ हा वेगळा नंबर होता. २०२१ पासून तोही १३९ मध्येच आला आहे. पीएनआर, डबा, बर्थ, पिशवीचा रंग आणि ती नेमकी कुठे टांगली होती, एवढं विचारलं. "चोरी की विसरली?" हाही प्रश्न आला. हा फरक महत्त्वाचा आहे. चोरीचा गुन्हा राज्याच्या रेल्वे पोलिसांकडे नोंदवतात, विसरलेलं सामान रेल्वे सुरक्षा दल म्हणजे आरपीएफ पाहतं. तक्रार क्रमांक मेसेजवर आला, तो मी कागदावरही उतरवून ठेवला.

पाऊण तासाने अनोळखी नंबरवरून फोन आला. "बेन, तमारा बानुं काननुं मशीन मारी पासे छे." ताई, तुमच्या आईचं कानाचं यंत्र माझ्याकडे आहे.

आमच्या समोरच्या बर्थवरचा मुलगा. आई निवृत्त शिक्षिका. शाळेतल्या सवयीने ती प्रत्येक वस्तूवर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने नाव लिहिते. डबीवर तिचं नाव होतं, खाली माझा मोबाइल नंबर. त्याने फक्त वरची डबी पाहिली होती, बाकी पिशवीत हात घातला नव्हता. तो अहमदाबादला उतरला होता आणि तीन वाजता त्याचा इंटरव्ह्यू होता. तरी मी सांगितल्यावर तो आरपीएफच्या चौकीत गेला, नोंद होईपर्यंत थांबला आणि नोंदवहीतल्या पानाचा फोटो मला पाठवला. चाळीस मिनिटं गेली त्याची. सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते, हे १८७२ च्या करार कायद्यात, कलम ७१ मध्ये आहे. पण इंटरव्ह्यूच्या दिवशी चौकीत ताटकळायला कुठलाही कायदा सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अहमदाबादला गेले, साधारण शंभर किलोमीटर. सोबत आधार, तिकीट, तक्रार क्रमांक आणि हाताने लिहिलेला अर्ज. विसरलेलं सामान परत देण्याच्या कामाला आरपीएफ 'ऑपरेशन अमानत' म्हणतं. अमानत, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. हा शब्द मला फार आवडला. पिशवी मात्र लगेच हातात मिळाली नाही. आधी आत काय आहे ते सांगा, म्हणाले. यंत्रांची डबी, बॅटऱ्यांची पाकिटं, शाल, जपमाळ, शंकरपाळ्यांचा डबा. "आणखी?" मला काही आठवेना. "एक वस्तू राहिली," साहेब शांतपणे म्हणाले.

आता आईला फोन करून विचारायचं कसं? शेजारच्या काकूंना फोन लावला. त्यांनी कागदावर प्रश्न लिहून आईसमोर धरला. पलीकडून आईचा आवाज आला, "अगं, आहेराचं पाकीट! २१०१ रुपये. भाचीच्या लग्नातलं द्यायचं राहिलं होतं ना." पाकीट उघडून माझ्यासमोर मोजलं. २१०१.

क्षणभर माझा चेहरा पडला होता, त्यांना माझ्यावर संशय आहे असं वाटलं होतं. पण ही विचारपूस झाली नसती, तर माझ्याआधी दुसरं कुणीही पिशवी घेऊन गेलं असतं. यादीवर सही केली, पिशवी घेतली. त्या मुलाला काही द्यावं म्हणून विचारलं होतं, तर तो म्हणाला, बांना फक्त नमस्कार सांगा.

घरी आल्यावर आईने यंत्रं कानात घातली, मान हलवून पाहिली. पाकीट मोजलं नाही, शंकरपाळ्यांचा डबाही उघडून पाहिला नाही. "त्या मुलाला फोन लाव," म्हणाली. स्पीकर सुरू केला.

"बेटा, इंटरव्ह्यू केवो गयो?"

तो सांगू लागला, आणि आई दोन्ही हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.