दोन गुणांचा प्रस्ताव

एका मोठ्या सॉफ्टवेअर परिषदेसाठी भाषणं निवडायचं काम मी तीन वर्षं करतोय, सांगलीत विश्रामबागेतल्या घरी बसून. पहिल्या फेरीत वक्त्याचं नाव झाकलेलं असतं. मजकूर वाचायचा आणि पाचापैकी गुण द्यायचे. यंदा वाट्याला 42 प्रस्ताव आले. एआय एजंटांच्या रचनेवरच्या एकाला मी पाच दिले. इतकं गुळगुळीत लिहिलेलं की वाचताना कुठे अडखळलोच नाही. एकाला दोन दिले. त्यात एवढंच होतं: 'आमच्या पोस्टग्रेसने एका रात्री नोंदी घेणं बंद केलं. का, ते सांगेन.' (पोस्टग्रेस म्हणजे माहिती साठवायचा एक डेटाबेस.) दुसऱ्या परीक्षकाने पाच दिले म्हणून तो प्रस्ताव तरला.

रविवारी दोघांची तालीम होती. सकाळी व्हिडिओवर पाच गुणवाला. स्लाइड देखण्या, आवाज कमावलेला. शेवटी मी माझा ठेवणीतला प्रश्न विचारला, "हे चालवताना पहिल्यांदा काय मोडलं?"

तो जरा थांबला. "अजून प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, गेलेलं नाही, सर."

नाव उघडल्यावर कळलं, दोन गुणवाली मिरजेची. मग म्हटलं, घरीच या. दुपारी स्कूटीवरून आली. बाबाही येऊन बसले. ते पक्के नाटकवेडे; 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक सांगलीत केलं, हे आल्यागेल्याला सांगतातच. तिने सुरुवात केली ती पोस्टग्रेसच्या इतिहासापासून, मग कंपनीची ओळख, मग टीमचा फोटो. नऊ मिनिटं झाली. बाबांना राहवलं नाही. "अहो, नुसता पात्रपरिचय चाललाय. तिसरी घंटा कधी?"

मला कुठे तोंड लपवू झालं. ती मात्र हसली आणि स्लाइड पुढे ढकलून थेट लॉगवर, म्हणजे डेटाबेस स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो त्या फाइलवर, आली. माहिती गमावू नये म्हणून डेटाबेस आता आदेश घेत नाही, अशा अर्थाची ओळ. गळीत हंगाम ऐन भरात, उसाच्या पाच हजार गाड्या, प्रत्येकीच्या जीपीएसची दर 10 सेकंदांनी एक नोंद. प्रत्येक नोंद म्हणजे डेटाबेसचा एक व्यवहार. म्हणजे दिवसाला 4 कोटी 32 लाख व्यवहार. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार क्रमांक 32 बिटांचा, म्हणजे ठरावीक आकड्यापर्यंतच जातो; तो संपला की गोल फिरून पुन्हा सुरुवातीला येतो. व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाई, जुन्या ओळींवर 'जुनी' अशी कायमची खूण करते; त्यालाच गोठवणं म्हणतात. जुन्या ओळी वेळेत गोठवल्या नाहीत, तर सुमारे 214 कोटींच्या अलीकडेच डेटाबेस हात वर करतो. व्हॅक्यूम तर रोज चालत होता. मग?

इथे ती थांबली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

दोन टप्प्यांत कमिट, म्हणजे पक्का, व्हायचा एक व्यवहार पहिल्या टप्प्यानंतर तसाच लटकलेला. कुणीतरी चाचणीसाठी सुरू केला आणि विसरला. त्याच्यानंतरचं काहीच व्हॅक्यूमला गोठवता येईना. 49 दिवस! लॉगमध्ये शेवटी इशारेही येत होते, पण वाचणारं कोणी नव्हतं. "ते विसरणारं माणूस मीच," ती म्हणाली. हे प्रस्तावात का नाही लिहिलं, विचारलं तर म्हणे, "लाज वाटली, सर."

परिचयाच्या सगळ्या स्लाइड तिने माझ्यासमोरच उडवल्या. आता भाषण त्या लॉगच्या ओळीने सुरू होतं.

रात्री मी दोन गुण दिलेले बाकीचे नऊ प्रस्ताव पुन्हा उघडले. सात दोनाच्याच लायकीचे होते. उरलेल्या दोघांना मेल टाकलीय: तुमच्याकडे काय मोडलं होतं?