कालचा हशा

शनिवार, रात्री साडेबारा

कानामागे रंग अजून तसाच आहे. झोप येत नाहीये, म्हणून वही काढली.

आज नाटकाच्या प्रयोगात माझं वाक्य पडलं. काल त्याच वाक्याला एवढा हशा आला होता की पुढचं बोलायला जागाच मिळेना. आज ते वाक्य टाकलं आणि थांबलो. काही नाही. चौथ्या-पाचव्या रांगेत कुणीतरी खोकलं. दोन सेकंदंच असतील, पण अंगावर आली. समोरच्यानं आपलं वाक्य आधीच उचललं म्हणून निभावलं.

विंगेत येऊन म्हणालो, "आज पब्लिक थंड आहे." प्रॉम्प्टिंगला बसणाऱ्या ताईंनी संहितेतून मान वर न करताच विचारलं, "तू थांबलास कुणासाठी?"

कालच्या लोकांसाठी! काल ते वाक्य विनोदी आहे हे मला ठाऊकच नव्हतं, पात्राइतक्याच गंभीरपणे बोललो होतो. आज बोलण्याआधीच तोंडावर 'हसा आता' उमटलं असणार.

तालमीला रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो. माणसं येऊन बसली की त्यांची अंगं, कपडे तो शोषून घेतात, आणि शब्द कोरडे, नेमके ऐकू येतात. म्हणजे लोक नुसते येऊन बसले तरी आपलं बोलणं बदलतं. दिव्यांमुळे आपल्याला मात्र पहिल्या दोन रांगांपलीकडे काळोख. बाकी सगळं कानांनी. कंटाळलेली शांतता चुळबुळते, खुर्च्या करकरतात. गुंतलेल्या शांततेत खोकलेसुद्धा थांबतात.

दुसऱ्या अंकात मी मुकाट्यानं ऐकत राहिलो. आणि आजवर कधीच कुणी हसलं नव्हतं अशा जागी उजवीकडून एका बाईंचं हसू फुटलं, मग तिच्या आजूबाजूचं, मग सगळीकडचं. माझं पुढचं वाक्य ओठांवर आलेलं, ते गिळलं. हशा उतरायला लागला की, पण पूर्ण विरायच्या आत बोलायचं. फार थांबलं की तोच हशा आपल्यावर ओशाळतो.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड, त्यानं 1964 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओ धरला. लोकांसमोर वाजवणं त्याला नकोसंच झालं होतं. दोन वर्षांनी बीटल्सनीही दौरे थांबवले. किंकाळ्यांत त्यांना स्वतःचं वाजवणंही ऐकू येईना, हे त्यातलं एक कारण. गूल्ड मला पूर्वी तऱ्हेवाईक वाटायचा. आज त्या खोकल्यानंतर थोडासा कळला. पण त्या बाईंचं हसू स्टुडिओत कुठून आणणार?

काल रात्री संहितेत त्या वाक्यापुढे पेन्सिलीनं 'थांब' लिहून ठेवलं होतं. आत्ता खोडलं. कागद तिथे पातळ झालाय. महिन्यापूर्वी त्याच जागी 'घाई नको' लिहिलेलं होतं.

उद्या दुपारी चारचा प्रयोग. रंग पुसायचा राहिलाय.