एपीआय की व्हॉट्सअपवर ठेवू नका

एपीआय की, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून एआय कंपनीचं मॉडेल वापरायची गुप्त चावी, तुम्ही कुठे ठेवता, हा प्रश्न मी हल्ली देवगडातल्या ओळखीच्या प्रत्येक आंबेवाल्याला विचारतो, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच, व्हॉट्सअपवर आहे ना, ग्रुपमधे जरा वर गेलात की मिळेल. मला याची खरंच काळजी वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आंबेवाल्याला एपीआय की लागतेच कशाला, ते आधी सांगतो. सीझनमधे पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी फोनवर नुसत्या कोसळत असतात, कोण मराठीत लिहितं, कोण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितं, "काका २ पेटी ५ डझनवाली, पत्ता गेल्या वर्षीचाच पण पिनकोड बदललाय" असं काहीही, आणि त्यातून नाव, पत्ता, डझन, पैसे आले की नाही हे सगळं काढून एक्सेलमधे भरायचं काम घरातली वहिनी नाहीतर कॉलेजातला पोरगा रात्री उशिरापर्यंत करत बसतो. एआय मॉडेल हे काम चांगलं करतं. त्याला एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लागते आणि एक की. चॅटजीपीटीचा महिन्याचा प्लॅन घेतला म्हणजे एपीआय त्यातच आलं असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाही, एपीआयचा हिशोब वेगळा, जेवढे टोकन (मजकुराचे छोटे तुकडे) तेवढे पैसे, आणि की ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या पैशाने वापरणार.

मामांना हे समजावून सांगत होतो तर त्यांनी लगेच मुद्दा पकडला. "म्हणजे तो पार्सलचो पोरगो काम सोडून गेलो तरी चावी त्याच्याकडेच रवतली?" होय मामा, रवतली.

म्हणून मी सगळ्यांना की सांभाळणारं डेस्कटॉप ॲप टाकायला सांगतो. ओपनएआय, अँथ्रॉपिक, गूगल या एआय कंपन्या, नाहीतर एकाच कीवर अनेक कंपन्यांची मॉडेल देणारं ओपनराउटर, ज्याची की असेल ती एकदाच तिथे टाकायची, मग मॉडेल बदलायचं तर नुसतं यादीतून निवडायचं. काही ॲप्समधे तर स्क्रिप्टला खरी की द्यावीच लागत नाही, स्क्रिप्ट आपल्याच लॅपटॉपवर त्या ॲपशी बोलते आणि पुढचं ॲप बघतं. मला हीच सोय सगळ्यात आवडते, कारण मग स्क्रिप्टची फाइल कोणालाही पाठवली तरी त्यात की नसते.

पण ॲप दिसायला छान आहे म्हणून लगेच खरी की टाकू नका. मी आधी एक खोटी की टाकून सेव्ह करतो, मग विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमधे जाऊन त्या ॲपच्या सेटिंगची फाइल शोधतो, बहुतेक वेळा ती जेसन फाइल असते, नोटपॅडमधे उघडायची आणि कंट्रोल एफ करून आपण टाकलेली अक्षरं शोधायची. जशीच्या तशी दिसली की ॲप नापास. चांगलं ॲप की एन्क्रिप्ट करतं, म्हणजे कुलूपबंद करून ठेवतं, त्यासाठी विंडोजवर डीपीएपीआय आणि मॅकवर कीचेन अशी सोय सिस्टिममधेच आहे.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे गाडी नेमकी इथेच अडकते. विंडोजचं हे कुलूप यूजरच्या लॉगिनला बांधलेलं असतं. त्याच लॉगिनखाली चालणारा दुसरा कुठलाही प्रोग्रॅम ते उघडू शकतो. आणि आपल्या दुकानांत काय असतं, एक कॉम्प्युटर, एक लॉगिन, पासवर्ड नाही, त्याच्यावरच बिलं, त्याच्यावरच पोरांचे गेम आणि कुठून कुठून डाउनलोड केलेली सॉफ्टवेअर. अशा मशीनवर कितीही भारी ॲप टाका, उपयोग नाही. आधी कामासाठी वेगळा यूजर बनवा, पासवर्ड द्या, मग ॲप.

दुसरं म्हणजे प्रत्येक कामाला वेगळी की. ऑर्डरींची वेगळी, इन्स्टाच्या पोस्टची वेगळी, होमस्टेच्या चौकशीला उत्तरं देणारी वेगळी. पोरगा गेला तर त्याची तेवढी की बंद करायची, बाकीची कामं चालू. आणि बंद करायची म्हणजे कंपनीच्या साइटवर जाऊन डिलीट करायची, ॲपमधून नाहीतर ग्रुपमधून पुसून काही होत नाही. ओपनराउटरवर प्रत्येक कीला खर्चाची मर्यादा घालता येते, अँथ्रॉपिकच्या कन्सोलमधे वर्कस्पेसला, म्हणजे कीजच्या गटाला, घालता येते. ऑटो रिचार्ज बंदच ठेवा, म्हणजे की बाहेर गेली तरी भरलेले पैसे संपले की विषय थांबतो.

खर्चाचं म्हणाल तर मॉडेलप्रमाणे फरक पडतो आणि मराठीला जास्तच पडतो. मे २०२४ मधे जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयने दिलेल्या उदाहरणात एका मराठी मजकुराचे टोकन ९६ वरून ३३ वर आले होते. मजकूर तोच! म्हणून कोणत्या कीवर, कोणत्या मॉडेलवर किती टोकन गेले हे दाखवणारं ॲपच घ्या, नुसता एकूण आकडा काय कामाचा.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते मात्र मी शक्यतो बाहेर पाठवतच नाही. जेमिनीच्या फुकट एपीआयवर टाकलेला मजकूर गूगल आपली प्रॉडक्ट सुधारायला वापरू शकतं, हे त्यांच्या अटींतच लिहिलंय. त्यापेक्षा ओलामा, म्हणजे मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून गूगलच्या गेमा ३ चं ४ बिलियनवालं छोटं मॉडेल लॅपटॉपवरच चालवायचं, डाउनलोड तीन-साडेतीन जीबीचं आहे, ८ जीबी रॅमवर हळू चालतं पण चालतं, आणि याला की लागतच नाही. पत्ते वेगळे काढण्याइतकं मराठी त्याला येतं, पिनकोड तेवढा नजरेखालून घालावा लागतो. मेच्या शेवटी वाऱ्यापावसाने नेट गेलं तरी बॅटरी आहे तोवर काम सुरू राहतं, हा इथे फार मोठा फायदा आहे.

ॲप बनवणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. बॅकअप घेतला की काही ॲप्स सगळ्या कीज उघड्या अक्षरांत एका फाइलमधे काढून देतात, आणि लोक ती फाइल स्वतःलाच व्हॉट्सअप करतात. बॅकअपला पासवर्ड सक्तीचा करा, नाहीतर बॅकअपमधे की टाकूच नका, नवी की काढायला दोन मिनिटं लागतात.