मोठ्या गाडीचा शॉक माझ्या गाडीला बसेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हा प्रश्न बहुतेक वेळा अर्धाच विचारला जातो. मोटरसायकलचा मागचा शॉक, म्हणजे शॉक अॅब्झॉर्बर, मऊ वाटतो, वळणात गाडी डुलते. तशात कुठून तरी मोठ्या, जड गाडीचा चांगला शॉक हाती लागतो. बोल्टची भोकं जुळतात, लांबीही साधारण तेवढीच दिसते. मग बसेल का? बसेल. पण बसल्यावर तो तुमच्या गाडीत कसा वागेल, ते भोकांवरून कळत नाही. ते कळतं गुणोत्तरावरून, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

चाक किती हलतं आणि तेवढ्यात शॉक किती दबतो, याचं हे गुणोत्तर. चाक 25 मिलिमीटर वर गेल्यावर शॉक 10 मिलिमीटर दबला, तर गुणोत्तर 2.5. स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी येईपर्यंत या आकड्याच्या वर्गाने घटतो, आणि नेमकं हेच विसरलं जातं. समजा तुमच्या गाडीचं गुणोत्तर 2.5 आहे आणि मूळ स्प्रिंग 90 न्यूटन प्रति मिलिमीटरची. 90 ला 6.25 ने भागा; चाकापाशी 14.4 उरतात. आता ज्या जड गाडीचा शॉक आणलात तिचं गुणोत्तर 2 आणि स्प्रिंग 75 ची. तिच्या चाकापाशी 18.75 मिळत होते, म्हणून ती गाडी कडक वाटायची. तोच शॉक तुमच्या गाडीत घातला की चाकापाशी फक्त 12 येतात. जड गाडीचा शॉक लावूनही गाडी आधीपेक्षा मऊ झाली. यात शॉकचा काही दोष नाही.

डॅम्पिंगचंही, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या अडथळ्याचंही, तेच. तेही चाकापाशी वर्गानेच घटतं. वरच्या उदाहरणात त्याच शॉकचं डॅम्पिंग तुमच्या चाकाला मूळ गाडीच्या 64 टक्केच मिळेल. अशा वेळी नुसती कडक स्प्रिंग घालून भागत नाही. स्प्रिंग जोराने परत फेकते, तिला आवरणारं तेल कमी पडतं आणि खड्ड्यानंतर मागची बाजू दोन-तीनदा उसळते. बाहेरून परतीच्या डॅम्पिंगचा स्क्रू असेल तर थोडं सावरता येतं. नसेल तर शॉक उघडून आतल्या पत्र्यांच्या चकत्या बदलाव्या लागतात. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, त्यामुळे ते काम शॉक दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

गुणोत्तर घरी मोजता येतं. स्प्रिंग काढलेला शॉक गाडीत लावा. चाक 10-10 मिलिमीटरने उचलत प्रत्येक वेळी शॉकच्या दोन बोल्टांमधलं अंतर लिहून ठेवा. होंडाचं प्रो-लिंक, कावासाकीचं युनी-ट्रॅक, सुझुकीचं फुल-फ्लोटर अशा लिंकेज (चाक आणि शॉक यांच्यामधले जोडदांडे) असलेल्या गाड्यांत हा आकडा चाक वर जाईल तसा बदलत जातो, म्हणून एकच माप पुरत नाही. दोन शॉकच्या जुन्या पद्धतीच्या गाडीत शॉकचा कल बघा. स्विंगआर्मशी (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा हात) काटकोनात असलेल्या शॉकच्या तुलनेत 30 अंश कललेला शॉक स्प्रिंगचा तीन-चतुर्थांश परिणाम देतो, 45 अंशांवर निम्माच उरतो.

स्प्रिंगवरचा आकडा वाचताना एकक तपासा. 9.5 म्हणजे किलो प्रति मिलिमीटर असू शकतं, 95 म्हणजे न्यूटन, 550 म्हणजे पौंड प्रति इंच. तिन्ही जवळजवळ एकच. आकडा पुसला गेला असेल तर तार मोजा. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून बाकी सगळं सारखं असताना 11 ऐवजी 12 मिलिमीटरची तार म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त कडक स्प्रिंग. व्हर्निअरने मोजा, आणि रंगाचा थर धरू नका.

आता लांबी. शॉक पूर्ण ताणलेला असताना वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजायची. 5 मिलिमीटर लांब शॉक घातला तर 2.5 गुणोत्तराने मागची बाजू 12.5 मिलिमीटर उचलली जाते. 1400 मिलिमीटर व्हीलबेसच्या (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) गाडीत यामुळे पुढच्या फोर्कचा कल सुमारे अर्धा अंश उभा होतो आणि ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला जिथे भिडतो, त्याच्या मागे टायर जितका टेकतो ते अंतर) तीनेक मिलिमीटर कमी होतो. गाडी वळणात लवकर झुकते. ‘हँडलिंग सुधारलं’ म्हणतात ते पुष्कळदा एवढ्यानेच घडलेलं असतं. शॉक 10 मिलिमीटर लांब घालणं माझ्या मते रस्त्याच्या गाडीत जास्तच होतं. वेगात हँडल थरथरण्याची शक्यता वाढते, चेन स्विंगआर्मच्या रबरी पट्टीवर घासू लागते, आणि बाजूचा स्टँड तोकडा पडून गाडी फार कलते.

लांबीइतकाच स्ट्रोकही, म्हणजे शॉक एकूण किती दबतो तेही, बघा. मूळ 50 चा असताना 65 चा आला तर चाक 125 ऐवजी 162 मिलिमीटर वर जाईल, आणि टायर मडगार्ड किंवा सीटखालच्या वायरिंगला लागेल. हे घरातल्या घरात कळत नाही. मागे कुणाला बसवून खड्ड्यात गेल्यावरच कळतं.

बुश (शॉकच्या भोकात बसवलेली नळी) आणि बोल्टचं काम सोपं आहे, फक्त ते नेटकं झालं पाहिजे. 12 च्या भोकात 10 चा बोल्ट घालायचा तर लेथवर केलेली अखंड स्टीलची स्लीव्ह घाला, पत्रा गुंडाळून घालू नका. रुंदी कमी असेल तर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे वॉशर लावा. जास्त असेल तर बुशची आतली नळी लेथवर कमी करा. चेसिसच्या कानांना, म्हणजे शॉक ज्यात बसतो त्या पट्ट्यांना, हात लावू नका. खालचं टोक दोन कानांचं आणि तुमच्या गाडीला एका भोकाचं हवं असेल, तर तो शॉक सोडून द्या. दाबाखालच्या शॉकवर वेल्डिंग कधीच करायचं नाही.

बदलताना गाडी चेसिसवर टेकवा. स्विंगआर्म उचलणारा स्टँड इथे चालत नाही, कारण बोल्ट निघताच चेसिस खाली बसते. टायरखाली लाकडाच्या चकत्या सरकवत चाक अशा उंचीवर आणा की बोल्ट हाताने निघेल. हातोडी लागत असेल तर उंची चुकली आहे. नवा शॉक आधी स्प्रिंगशिवाय लावा. स्प्रिंग काढायला स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर वापरा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. मग चाक तळापासून बंप रबर दबेपर्यंत हळूहळू उचला आणि टायर, लिंकेज, ब्रेकचा होज, एबीएसची वायर, शॉकच्या बाहेरच्या टाकीची नळी हे सगळं बघत जा. शॉकला रबरी बुश असतील तर बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला.

त्यानंतर सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती खाली बसते ते. चाक लटकत असताना मागच्या अॅक्सलपासून सरळ वर, सीटजवळच्या एका खुणेपर्यंत मोजा. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून मोजा, मग हेल्मेट-जॅकेटसकट बसून. 120 मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल असलेल्या रस्त्याच्या गाडीत बसल्यावर 30 ते 40 खाली जावं, रिकामी असताना 5 ते 15. बसल्यावरचं माप प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच आवळून, जमवलं, पण रिकाम्या गाडीचा सॅग शून्य आला, तर स्प्रिंग मऊ आहे. तुम्ही ती आवळून आवळून वर धरली आहे. रिकामी असताना जास्त बसत असेल तर स्प्रिंग कडक आहे. पहिल्यांदा हे उलटं वाटतं. प्रीलोडने साधी स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची उंची बदलते, हे लक्षात घेतलं की उलगडतं.

चेन पुन्हा सैल-घट्ट करा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची धुरी आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. तिथेही थोडी ढील उरली पाहिजे. हेडलाइटही तपासा. मागची बाजू उचलली की झोत पुढे जवळच पडतो, आणि रात्री त्याचा त्रास होतो.