सात ते साडेआठचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे 3,000 लोकवस्तीचे गाव आहे. 2022 मध्ये या गावाने असे ठरवले की, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत सुरू करायचे नाहीत. करोनाकाळातील ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, ही मूळ तक्रार होती. पण बंदी केवळ मुलांवर न घालता थोरामोठ्यांवरही घातली गेली, हा त्या निर्णयातला शहाणपणा. बातम्यांतून या प्रयोगाचे कौतुक झाले ते मुख्यतः संयमाचा नमुना म्हणून. मला मात्र त्यातील संयमापेक्षा भोंगा अधिक महत्त्वाचा वाटतो.

समाजमाध्यमांचा वापर आटोक्यात ठेवण्याविषयीचे बहुतेक सल्ले एकट्या माणसाला उद्देशून दिलेले असतात: नोटिफिकेशन बंद करा, अ‍ॅप काढून टाका, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण गप्पांना दोघे लागतात. एकाने फोन बाजूला ठेवला आणि समोरचा रील पाहत बसला, तर पहिल्याच्या वाट्याला निव्वळ कंटाळा येतो आणि थोड्याच वेळात त्याचाही हात खिशाकडे वळतो. शिवाय फोनची ओढ एकट्याची नसतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर 2014 मध्ये ब्लू टिक आली, तेव्हापासून संदेश वाचूनही उत्तर न देणे हा जवळजवळ अपमान मानला जाऊ लागला. ग्रुपवर सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या आणि आपणच दिल्या नाहीत, तर त्याची नोंद कुणीतरी ठेवते. जी गोष्ट चारचौघांच्या दडपणाने चालते, ती थांबवायलाही चारचौघेच लागतात. भोंगा नेमके हेच काम करतो. कुणाला निग्रह दाखवावा लागत नाही आणि उत्तराला उशीर झाला म्हणून कुणी शिष्टही ठरत नाही.

या दडपणाखाली प्रत्यक्ष भेट कशी आटते, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते दुःखाच्या प्रसंगी. नात्यात कुणी गेले की घराण्याच्या ग्रुपवर निरोप पडतो आणि पुढच्या अर्ध्या तासात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. यात ढोंग नसते. लिहिणाऱ्याला खरोखरच वाईट वाटलेले असते. अडचण अशी की, लिहून झाल्यावर कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते आणि मग भेटायला जाणे ‘बघू, रविवारी जमले तर’ यावर येऊन थांबते. समाचाराला गेल्यावर काय होते ते आठवून पाहावे. दारात चपलांचा ढीग असतो, घरातली बाई भिंतीला टेकून बसलेली असते आणि आलेल्या प्रत्येकाला तीच हकिकत पहिल्यापासून सांगते: रात्री जेवण नीट झाले होते, पहाटे घाम फुटला, रिक्षा मिळेना, शेवटी शेजारच्या मुलाने गाडी काढली. ऐकणाऱ्याला त्यावर काही सुचत नाही, आणि सुचण्याची गरजही नसते. ती हकिकत अनेकदा सांगून झाल्यावरच सांगणारीला हळूहळू सोसवू लागते. ग्रुपवर ती एकदाच, तीही पुतण्याने, दोन ओळींत टाकलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये आज 1,024 जणांना घेता येते, पण त्यांतल्या एकालाही ती पहाट दुसऱ्यांदा सांगता येत नाही.

अर्थात, अंत्यविधीची वेळ त्याच ग्रुपवरून तासाभरात सर्वांना कळते, रक्तदाता मिळतो, परदेशातल्या मुलाला वडिलांचे शेवटचे दर्शन व्हिडिओ कॉलवर का होईना घेता येते. पूर्वीच्या तारेची आणि ट्रंक कॉलची आठवण ज्यांना आहे, ते याला नावे ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही. निरोप पोहोचवण्याचे काम फोनने करावे; निरोप मिळाल्यानंतरचे काम त्याच्यावर सोपवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

वडगावची बातमी वाचून आमच्या इमारतीतल्या काही घरांनीही दर रविवारी सात ते साडेआठ फोन बाजूला ठेवून खाली अंगणात बसायचे ठरवले. शहरात भोंगा वाजवायची सोय नाही, म्हणून वॉचमन सातला जिन्यातली घंटा वाजवतो. पहिली हरकत घेतली ती तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींनी, आणि ती रास्त होती. त्यांची मुलगी न्यू जर्सीला असते. उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ झालेले असतात, आणि रविवारच्या न्याहारीखेरीज नातवंडे एका जागी सापडत नाहीत. ज्या माणसाची प्रत्यक्ष भेट वर्षाआड होते, त्याच्या बाबतीत फोन हीच भेट. तिच्यावर बंदी घालणे म्हणजे प्रयोगाच्या हेतूलाच हरताळ फासणे झाले असते. तेव्हा नियमात दुरुस्ती केली: घरच्यांचा फोन आला तर घ्यावा, हवे तितके बोलावे, मात्र बोलणे संपल्यावर फोन हातात आहेच म्हणून इतरांचे स्टेटस पाहत बसू नये. दुरुस्तीचा हा उत्तरार्ध अजून सर्वांच्या अंगवळणी पडलेला नाही, आणि आजींच्या तर मुळीच नाही.