वढवाण्याचा बांध

रविवार, ११ जानेवारी. रात्री.

धाकटा जेवता जेवताच पेंगला. भाताचा शेवटचा घास गालात तसाच होता. तो काढला, तोंड पुसलं आणि उचलून आत नेऊन निजवलं. थोरली अजून जागी आहे, वहीत काहीतरी चितारत बसली आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या खोलीत गुडघे शेकताहेत. घर इतकं शांत कितीतरी दिवसांनी झालंय. उद्या शाळा, डबे, ऑफिस सुरू झालं की आजचं निम्मं विसरायला होईल, म्हणून आताच लिहून ठेवते.

आज वढवाण्याला जाऊन आलो. डभोई तालुक्यातलं तळं, बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. गेल्या हिवाळ्यातही गेलो होतो आणि तो दिवस पार फसला होता. ठरवलेली भाड्याची गाडी दीड तास उशिरा आली, तळ्यावर पोचेतो साडेअकरा वाजले. ऊन डोक्यावर, पाणी नुसतं चकाकत होतं, पक्षी पलीकडच्या काठाला मोहरीच्या दाण्यांएवढे. थोरलीला गाडी लागली होती. धाकटा "काही दिसत नाही, घरी चला" म्हणून रडायला लागला आणि मी त्याच्यावर खेकसले. एवढ्या लांब आणलंय, आता बघ! त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. ते मिटलेले डोळे वर्षभर माझ्या मनातून गेले नाहीत.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी आम्ही शहराबाहेर पडायचं टाळतच आलो. कमाटीबाग आहेच की. कागदोपत्री ती सयाजीबाग, १८७९ ची. पण बडोद्यात ती कमाटीबागच. तिथल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा धाकट्यानं इतक्यांदा पाहिलाय की तो आता पाहुण्यांना हात धरून दाखवायला नेतो. ती बाग आमच्या मुलांनी खरोखर वापरली आहे आणि तिचे माझ्यावर उपकार आहेत. मधे एकदा पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या एका मोठ्या रिसॉर्टलाही गेलो. दिवसभरात मुलं पाण्यात किती होती आणि रांगेत किती, याचा हिशोब न केलेलाच बरा.

वढवाण्याचा विषय परत काढला तो बाबांनी. थोरलीला शाळेत पाणथळ जागांवर प्रकल्प होता, ती त्यांना वाचून दाखवत होती. वढवाणा २०२१ मध्ये रामसर यादीत आलं, हे ऐकून ते म्हणाले, "रामाचं सर म्हणजे चांगलंच नाव की." तेव्हा तिनं समजावलं, की आजोबा, रामसर हे इराणमधलं गाव आहे, १९७१ मध्ये तिथं पाणथळ जागांचा करार झाला म्हणून ते नाव. बाबांना याचं फार कौतुक वाटलं. मग म्हणाले, "मला नेता का? मी तुमच्या पायात येणार नाही. कुठंतरी बसवा, मी बसून बघेन."

मी आधी काचकूच केली. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष, गुडघे दुखरे, पहाटेची थंडी. सहा वर्षांचं पोर सांभाळायचं की यांना? पण त्यांनी "नेता का" ज्या आवाजात विचारलं, त्याला नाही म्हणवेना.

पहाटे चारला उठलो. काल रात्रीच मेथीचे ठेपले, तिळाच्या वड्या, बोरं असं सगळं डब्यांत भरून ठेवलं होतं. थर्मासमध्ये आल्याचा चहा. मुलांना लाल-पिवळे स्वेटर नको म्हणून खाकी आणि मळखाऊ रंगाचे शोधून काढले. भडक रंगांनी पक्षी बुजतात. पाचाला निघालो, या वेळी स्वतःच्याच गाडीनं. डभोईच्या रस्त्यावर धुकं इतकं, की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सगळा रस्ता चाळीसच्या वर गाडी नेली नाही. बाबा पुढं बसून मुलांना डभोईच्या नॅरो गेजबद्दल सांगत होते. प्रतापनगरहून त्या छोट्या गाडीनं ते तरुणपणी किती वेळा गेलेत! आणि त्याच्याही आधी, १८६२ मध्ये डभोई ते मियागाम रूळ पडले तेव्हा डबे ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते, हे ऐकून धाकटा झोपेतून खडबडून जागा झाला. "बैल दमले की गाडी लेट व्हायची?" बाबांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, की बैल बदलत असतील, टांग्याचे घोडे बदलायचे तसे.

तळ्यावर पोचलो तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. बांधावर चढलो आणि समोर काहीच नाही. पाणी नाही, पलीकडचा काठ नाही, नुसती पांढरी भिंत. माझ्या पोटात गोळा आला, की या वेळीही तेच होणार. पण बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. धुक्याच्या आत कुठंतरी आवाज होता. आधी एक, मग पाच-दहा, मग शेकडो. घोगरे, अनुनासिक, एकमेकांत मिसळलेले, लग्नघरात पहाटे बायका उठून एकदम बोलायला लागतात तसे. मुलं जागच्या जागी थिजली. धाकट्यानं माझा हात धरला आणि कुजबुजला, "किती आहेत गं?" दिसत काहीच नव्हतं, आणि तरी त्याला ते आहेत हे कळलं होतं.

पाऊण तास आम्ही तसेच उभे होतो. पाऊण तास! घरी हा मुलगा दात घासायला दोन मिनिटं थांबत नाही.

मग ऊन आलं आणि धुकं खालून विरळ होत गेलं. पहिल्यांदा काठावरचं गवत दिसलं, मग त्या गवतात चरणारे करडे हंस. पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, जणू कुणी काजळाची दोन बोटं ओढलीत. बरोबर आलेल्या गावातल्या वाटाड्यानं गुजरातीत त्यांना राजहंस म्हटलं. हे पक्षी तिबेटातून, मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर ते उडाल्याची नोंद आहे. तिथली हवा इतकी विरळ, की माणूस दोन पावलांवर धापा टाकेल. यांच्या रक्ताची प्राणवायू धरून ठेवायची ताकद जास्त असते, असं थोरलीच्या प्रकल्पात होतं, आणि तिनं ते वाटाड्याला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "अने अहीं आवीने घास खाय छे." इतकं उडून इथं येतात ते आपल्या काठचं गवत खायला! मला ते वाक्य फार आवडलं.

दुर्बीण एकच होती, ८ बाय ४२ ची, दिराकडून मागून आणलेली. गेल्या वेळी मी चूक केली होती: मुलांच्या डोळ्याला दुर्बीण लावायची आणि "तिकडे बघ, तिकडे" म्हणत राहायचं. दुर्बिणीत एवढासा गोल दिसतो, त्यात पक्षी सापडणार कसा? या वेळी वाटाड्यानं धाकट्याला नीट शिकवलं. आधी दुर्बिणीचे दोन्ही डोळे जवळ आणून त्याच्या इवल्या डोळ्यांच्या मापाचे केले. मग सांगितलं, पक्ष्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघ, बघतच राहा, नजर हलवू नकोस आणि आता दुर्बीण नजरेसमोर आण. तिसऱ्या खेपेला जमलं. त्याच्या तोंडून काही शब्द फुटला नाही, फक्त श्वास आत गेला तो ऐकू आला.

आता जे मला खरं लिहायचंय ते. बांधावर आम्ही फार तर तीनशे पावलं चाललो असू. त्याला दोन तास लागले. बाबा दर वीस पावलांना थांबायचे, गुडघ्यासाठी. धाकटाही दर वीस पावलांना थांबायचा, कधी शंख-शिंपल्यासाठी, कधी म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्यासाठी, कधी काहीच कारण नसताना. दोघांची चाल एकच होती. नातू खाली बसला की आजोबा काठीवर रेलून त्याला काय सापडलं ते विचारायचे. आजोबा थांबले की नातू त्यांच्या काठीचं टोक धरून उभा राहायचा. यांना आणि मला मात्र पुढच्या मचाणापर्यंत जायचं होतं, थोरलीला यादी पुरी करायची होती. सुरुवातीला मी दोनदा मागं वळून "चला ना" म्हटलंही. मग कळलं, की घाई फक्त आम्हा मधल्यांना आहे. तेव्हा आम्हीही थांबलो, आणि मचाणापर्यंत शेवटपर्यंत गेलोच नाही.

गेलो असतो तर कवड्या खंड्या दिसला नसता. काळा-पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा, साळुंकीएवढा. बाबा एका दगडावर बसले होते त्यांच्यापासून वीस फुटांवर तो पाण्यावर येऊन हवेत थांबला. खरोखर थांबला: पंख इतक्या वेगानं हलत होते की नुसती धूसर थरथर दिसायची, पण डोकं दोरीनं बांधल्यासारखं स्थिर, चोच सरळ खाली. मी मनात आकडे मोजत होते. आठपर्यंत पोचले तोच तो दगडासारखा पाण्यात पडला. रिकामा वर आला. पुन्हा थांबला, पुन्हा पडला, पुन्हा रिकामा. चौथ्यांदा चोचीत चांदीसारखं काहीतरी चमकलं. बुंध्यावर बसून त्यानं ती मासोळी दोनदा आपटली आणि गिळली. धाकटा हळूच म्हणाला, "तीनदा चुकला, आई." बाबा म्हणाले, "आणि कुणी त्याला रागावलं नाही बघ." ते माझ्याकडे बघून बोलले नव्हते. गेल्या वर्षीचं त्यांना माहीतही नाही. तरी माझे डोळे भरून आले.

बाकी यादी थोरलीच्या वहीत आहे: वारकरी (काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा), जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, थापट्या, तलवार बदक, चक्रवाकाची जोडी, पाणकावळे. एकूण बावीस. वारकरी हे नाव ऐकून बाबांनी दुरूनच हात जोडले.

ठेपले बांधाच्या पायथ्याशी खाल्ले. खाता खाता बाबांनी मुलांना सांगितलं, की हे तळं आपोआप झालेलं नाही. कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक आला, सयाजीराव झाला, आणि छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या) दुष्काळानंतर दहा-एक वर्षांनी, १९०९-१० च्या सुमारास, त्याच्या राज्यात शेतीच्या पाण्यासाठी हे बांधलं गेलं. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणी केला असेल असं मला वाटत नाही. पाणी होतं, म्हणून ते आले.

परतताना डभोईला हिरा भागोळीच्या दरवाज्यापाशी पाच मिनिटं थांबलो. कोरीवकाम बघण्यासारखंच आहे, पण दोन्ही मुलं मागच्या सीटवर एकमेकांवर रेलून झोपली होती. मी एकटीच उतरून बघून आले.

घरी आल्यावर धाकट्यानं दोन फिरक्या कपाटातून काढून समोर ठेवल्या. येत्या बुधवारी उत्तरायण. गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. गेंडीगेटला जाऊन दोरी रंगवून आणली आहे, धाब्यावर स्पीकर कुणी लावायचा तेही ठरलंय. त्यानं विचारलं, "आई, पक्षी आपल्या धाब्यावरून किती वाजता जातात?" मी सांगितलं, मुख्यतः पहाटे आणि संध्याकाळी, म्हणून तर त्या दोन वेळांना पतंग उडवू नका असं दरवर्षी सांगतात, आणि मांज्यात अडकलेल्या पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालतं. त्यानं खूप वेळ विचार केला. मग बाबांच्या खोलीत गेला आणि घड्याळ वाचायला शिकवा म्हणाला. अर्धा तास दोघं भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवत होते. लहान काटा नवावर आला की सुरू, पाचावर आला की बंद, एवढं त्याला आता पक्कं येतंय.

त्याचे बूट गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवलेत. तळ्याचा चिखल अजून ओला आहे. बाबांनी मघाशी विचारलं, फेब्रुवारीत पक्षी असतात का. असतात, म्हटलं, महिना अखेरपर्यंत तरी. मग झोपायला गेले. मी आता थर्मास धुऊन ठेवते.