मुलांसाठी फळांचा खाऊ घरी करताना: पाणी किती काढायचं, किती ठेवायचं

घरी फळांचा खाऊ करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, साखर किती घालायची? आमच्या मते आधी विचार करावा तो पाण्याचा. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं, आंब्यात ८३, केळ्यात ७५ आणि कलिंगडात ९२ टक्क्यांच्या आसपास. खाऊ चिकट का झाला, त्याला बुरशी का आली, तो कडक का झाला, जेलीखाली पाणी का साचलं, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यातच सापडतं. खाऊ पौष्टिक होतो की नाही हेही त्यावरच ठरतं, कारण फळ वाळवलं की पाणी जातं आणि साखर सगळीच्या सगळी मागे राहते. वाटीभर फळ खाऊन जे मूल थांबतं, ते वाळवलेलं तेवढंच फळ दोन घासांत संपवून आणखी मागतं.

सुरुवात फळपोळीपासून, म्हणजे आंबापोळीसारखा गर पातळ पसरून वाळवलेल्या खाऊपासून करू. पुढे येणाऱ्या सगळ्या प्रकारांत ती जास्त काळ टिकते आणि जास्त बिघडतेही तीच.

३० × ४० सेंटिमीटरच्या एका ट्रेला साधारण ५०० ग्रॅम गर लागतो, म्हणजे दोन कपांपर्यंत. फळ पूर्ण पिकलेलं घ्या. थोडं जास्त पिकलेलं, डाग पडलेलंही चालेल, डाग तेवढा काढून टाका. मात्र आंबूस वास येणारं किंवा बुरशी लागलेलं फळ नको. बुरशीचा भाग कापून उरलेलं वापरणंही नको, मऊ फळात ती दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते.

सफरचंद किंवा नासपती असेल तर आधी शिजवायलाच हवं. ६०० ग्रॅम फोडी सालीसकट, पाव कप पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं. यात तीन कामं एकदम होतात: फोड काळी पाडणारं एन्झाइम निकामी होतं, पेक्टिन, म्हणजे फळातला घट्टपणा आणणारा घटक, मोकळं होऊन गराला अंग येतं आणि जंतूही मरतात. आंबा किंवा स्ट्रॉबेरीचा गर कच्चा वापरता येतो, पण लहान मुलांसाठी करत असाल तर तोही एकदा चांगला वाफाळेपर्यंत तापवून घ्यावा. त्यानंतर दर दोन कप गराला दोन छोटे चमचे लिंबाचा रस घाला. रंग टिकतो आणि चवही उठून येते.

गर गाळू नका. मिक्सरमध्ये नीट फिरला की सालीचा त्रास जिभेला होत नाही, आणि फळातला चोथा हाच तर पौष्टिकपणाचा मोठा वाटा आहे. टोचणाऱ्या बिया असतील तेवढ्याच काढा.

आता गर पळीत घेऊन तिरका करा. पाण्यासारखी धार लागली तर तो अजून पातळ आहे. पसरट कढईत मंद आचेवर आटवा आणि सतत ढवळत राहा. पळीवरून थबकत, लोंबत पडायला लागला की झाला. इथे घालवलेली दहा मिनिटं पुढे ओव्हनचे दोन तास वाचवतात.

ट्रेवर बटर पेपर किंवा सिलिकॉनची चटई घाला. मेणकागद किंवा नुसता फॉइल नको, पोळी त्याला चिकटते आणि सुटत नाही. गर ३ ते ४ मिलिमीटर जाड पसरा, पण कडेला किंचित जास्त. बहुतेकांना हे उलटं वाटतं. कडा मात्र नेहमी आधी वाळतात, आणि त्या पातळ राहिल्या तर मधला भाग ओला असतानाच काचेसारख्या कडक होतात. पसरून झालं की ट्रे ओट्यावर दोनदा हलकेच आपटा, गर समपातळीत बसतो.

तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअस, वेळ पाच ते आठ तास. अनेक ओव्हन इतके खाली जातच नाहीत. तेव्हा सर्वांत कमी आकड्यावर ठेवून दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा. आतली वाफ बाहेर जाते आणि तापमानही उतरतं. दार उघडं राहणार, म्हणून तेवढा वेळ मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवायची सोय आधी करा. लवकर व्हावं म्हणून १०० अंशांवर ठेवायचा मोह टाळा. वरचा थर आधी सुकून झाकणासारखा बसतो, आतलं पाणी आतच अडकतं. अशी पोळी वरून छान दिसते आणि डब्यात चौथ्या दिवशी बुरशी धरते.

उन्हात वाळवायची तर हवा कोरडी आणि किमान ३० अंश तापमान हवं. वर मलमलचं कापड ताणून बांधा, ते गराला टेकता कामा नये, आणि रात्री ट्रे घरात घ्या, नाहीतर दिवसभर गेलेला ओलावा रात्री परत येतो. दमट दिवसांत हा नाद सोडलेला बरा.

पोळी झाली हे ओळखायचं कसं? घड्याळावर विसंबू नका. ओल्या गराला एक चमक असते, ती हळूहळू कडेकडून मध्याकडे मावळत जाते. सगळ्यात शेवटी मधोमध तळहाताएवढा गडद, चमकदार डाग उरतो. तोही मावळला की बोट मधोमध दाबा. ठसा उमटला नाही, बोटाला काही लागलं नाही, पण स्पर्श किंचित चिकटसर वाटला, तर काढा. कोपरा उचलला की पोळी कागदापासून सोलल्यासारखी, सावकाश पण न फाटता निघाली पाहिजे. कोमट असतानाच सोला आणि नवीन कागदासकट गुंडाळी करून कात्रीने कापा. गार झाल्यावर सोलायला गेलात तर ती फाटते.

कडक झालीच तर वाया गेली असं नाही. किंचित दमट फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवा, मऊ होते. मात्र ती त्याच दिवशी संपवा, कारण तुम्ही पाणी परत घातलेलं आहे. चिकट राहिली तर पुन्हा तासभर ओव्हन. पोळीला भेगा पडल्या तर समजा की गरात पाणी फार होतं किंवा पेक्टिन कमी होतं. अशा फळात पुढच्या वेळी सफरचंदाचा गर मिसळा. स्ट्रॉबेरी आणि सफरचंद निम्मं-निम्मं ही आमच्या मते सर्वांत भरवशाची जोडी. एकट्या केळ्याची पोळी काळपट आणि चिकट होते, म्हणून केळं चौथ्या हिश्शापलीकडे नको. अननसाचे धागे मिक्सरलाही दाद देत नाहीत, त्याला आंब्याची सोबत द्यावी. कलिंगडाची पोळी करूच नये, एवढं पाणी आटवल्यावर हाताशी काहीच उरत नाही.

आता साखरेचं. पिकलेल्या फळाला ती लागत नाही. वाळताना गोडी वाढते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आंबटपणाही वाढतो. म्हणून गर चाखताना जरा जास्तच आंबट वाटला तर पिकलेलं केळं घाला किंवा खजूर भिजवून वाटून घाला. मध हा साखरेला पर्याय आहे असं समजून सढळ हाताने घातला जातो, ते बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मोकळ्या साखरेतून, म्हणजे अख्ख्या फळात बांधलेली नसलेल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवायला सांगितलं आहे, आणि त्या मोजणीत मध आणि फळांचा रसही येतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबात देऊ नये, शिजवलेल्या खाऊतूनही नाही. त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. ५०० ग्रॅम गराची पोळी सुमारे १०० ग्रॅम भरते. तिच्या बारा पट्ट्या केल्या तर एका पट्टीत साधारण ४० ग्रॅम गर असतो. चार वर्षांपुढच्या लहान मुलाला एका वेळी एक पट्टी, मोठ्याला दोन. पट्ट्या आधीच कापून ठेवा, अख्खी गुंडाळी हातात दिली की हिशेब राहत नाही.

कोरड्या हवाबंद डब्यात पोळी महिनाभर राहते, फ्रिजमध्ये त्याहून जास्त, फ्रीझरमध्ये वर्षभरापर्यंत. डब्यात घालण्याआधी ती पूर्ण गार झालेली हवी. कोमट पोळीची वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी खाली ठिबकतं.

सफरचंदाच्या चकत्यांचं काम त्यामानाने सोपं आहे. २ मिलिमीटरच्या एकसारख्या चकत्या करा. जाडी कमी-जास्त झाली तर निम्म्या करपतात, निम्म्या ओल्या राहतात. एक लिटर पाण्यात तीन मोठे चमचे लिंबाचा रस घालून त्यात दहा मिनिटं बुडवा आणि फडक्याने कोरड्या करा. ९० ते १०० अंशांवर दीड ते अडीच तास, मध्ये एकदा उलटवून. गरम असताना त्या मऊच लागतात, म्हणून अजून ठेवाव्यात असं वाटतं आणि मग कडू होतात. एक चकती बाहेर काढून दोन मिनिटं गार होऊ द्या आणि मोडून बघा. कट्‌कन मोडली तर ओव्हन बंद करून बाकीच्या आतच निवू द्या.

जाड, चिवट फोडी हव्या असतील तर ५ मिलिमीटर जाडी आणि ६० अंश, सहा ते दहा तास. या फोडी वाळल्यावर काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर ठेवा आणि रोज हलवा. कमी-जास्त वाळलेल्या फोडींमधला ओलावा आपसात सारखा होतो. काचेवर दव दिसलं तर लगेच परत वाळवायला घाला. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग महिन्याने सगळी बरणी टाकून देतात.

जेलीच्या वड्यांसाठी आम्ही अगर-अगर, म्हणजे चायना ग्रासची पावडर वापरायला सांगू. ती समुद्री शेवाळापासून बनते, जिलेटिन प्राण्यांपासून. शिवाय ताजा अननस, पपई आणि किवी यांतली एन्झाइम प्रथिनं तोडतात, त्यामुळे जिलेटिनची जेली कितीही वेळ ठेवली तरी बसत नाही. फळ शिजवून घेतलं तरच बसते. अगरला ही अडचण नाही, कारण ते प्रथिन नाहीच.

१०० मिली पाण्यात दोन छोटे सपाट चमचे पावडर पाच मिनिटं भिजवा, मग ढवळत दोन-तीन मिनिटं खळखळून उकळा. नुसतं गरम करून ती विरघळत नाही, आणि खरखरीत जेलीचं कारण बहुधा हेच असतं. १५० मिली गर वेगळा कोमट करून ठेवा. फ्रिजमधला गार गर ओतलात तर अगर तिथल्या तिथे गोठतं आणि सगळ्याच्या गुठळ्या होतात, कारण ४० अंशांच्या खाली आलं की ते बसायला लागतं. दोन्ही एकत्र करा, लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच घाला. आंबट पदार्थ अगरबरोबर उकळला तर पकड सैल होते. १५ सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात ओता, बाहेरच अर्ध्या तासात बसते. बिघडली तर पुन्हा उकळून ओतता येते, ही तिची मोठी सोय. वड्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत, स्वच्छ तुटतात. दुसऱ्या दिवशी तळाशी थोडं पाणी सुटतं, ते टिपून टाका. फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये नको, स्पंजासारख्या होतात.

कलिंगडासारखी पाणीदार फळं गोठवायच्या खाऊत शोभतात, पण एकटी नकोत, नुसता बर्फाचा दगड होतो. दोन पिकलेली केळी, १५० ग्रॅम घट्ट दही आणि १०० ग्रॅम दुसरं कुठलंही फळ एकत्र फिरवलं की ६० मिलीच्या साताठ कांड्या होतात. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, तेव्हा मिश्रण किंचित जास्त गोड लागायला हवं, आणि ते केळ्याने करा. काडी पाऊण तासाने खोचा, आधी खोचली तर कलते.

वयाचं भान मात्र कशातही सोडू नका. चिवट पोळी आणि जेलीच्या वड्या चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकू शकतात. त्यांना तोच गर मऊ, चमच्याने भरवावा. सफरचंद किसून किंवा वाफवून द्या, द्राक्षं उभी चार भागांत चिरून. खजुराच्या लाडवात अख्खा सुकामेवा घालू नका, त्याचं कूट करा. आणि खाऊ बसून खायचा, पळताना नाही.

वाळवलेलं फळ दातांच्या खाचांत बसून राहतं. म्हणून दिवसभर चघळायला देण्यापेक्षा जेवणाबरोबर द्या आणि वर घोटभर पाणी प्यायला लावा. पोळी कापताना कडेच्या कडक पट्ट्या उरतात, त्या टाकू नका. बारीक चिरून रात्री दह्यात घालून ठेवल्या की सकाळपर्यंत फुलतात, आणि मग लहानग्यालाही चालतात.